बावीसच्या आधीचे टिंब

राणीसावरगाव,
मंगळवार

तीर्थस्वरूप आत्यास,

मल्हारने तुझ्या पायावर डोके ठेवले असे समजावे. इकडे सगळे बरे आहे. सेलूला गेल्यापासून तुझा गुडघा कसा आहे ते कळव, आणि मामांना नमस्कार सांग. (मागच्या पत्रात ‘गुढगा’ असे लिहिले गेले होते. तेवढे दुरुस्त करून घे.)

आबांची रायफल अजून ठाण्यातच आहे. आबा वारल्यावर बाबांनी ती जमा केली, त्याला सात महिने झाले. मी ती आजवर एकदाही उडवलेली नाही. मेंढरांवर लांडगा आला की आबा हवेत एक बार काढायचे, तेव्हाही मी कानात बोटे घालून बसायचो. पण पणजोबांपासून घरात असलेल्या त्या रायफलीला दर अमावास्येला तेल द्यायचे काम माझे होते. दोन पिढ्यांचा गाल टेकून लाकूड एका जागी गुळगुळीत झाले आहे, तिथे मी फडके जरा हळू फिरवायचो. ठाण्यात तिला कोण तेल देणार? (मी विचारले होते. जमादार म्हणाले, “तिला काय बाळंतीण समजायलास का रं?”)

तर परवाना वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज मी स्वतः लिहिला. बाबा टायपिंगवाल्याकडे जा म्हणत होते, पण तो ‘विनंती’ची वेलांटी चुकवतो. मी आठवीतच शाळा सोडली असली तरी शुद्धलेखनात माझा गुण कधी कापला गेला नाही. आबांच्या परवान्यावर ‘.२२ रायफल’ असे होते. आता अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर असतो, पूर्णविराम वाक्याच्या शेवटी असतो, आणि दशांश म्हणावे तर त्याच्या आधी शून्य लागते. म्हणून ते टिंब माशीचे समजून मी सोडून दिले. मग ‘२२ रायफल’ हे एकवचन खटकले. शेवटी ‘माझ्या आजोबांच्या २२ रायफली माझ्या नावावर कराव्यात’ असे वाक्य झाले. तीनदा वाचले, कुठेही चूक नव्हती.

काल जमादार बन्सीधर दोन शिपाई घेऊन आले आणि बाबांना म्हणाले, “एक आमच्यापाशी हाय. बाकीच्या एकवीस कुठं ठेवल्या?” त्यांनी ज्वारीच्या कणग्या पाहिल्या, कडबा उपसला, आईच्या लोणच्याच्या बरण्याही उघडल्या. (एक बरणी जाताना मागून नेली.) बाबा म्हणाले, “साहेब, ह्याला एक नीट धरता येत न्हाई, अन् बावीस कुठून आणायलाय?” मग जमादारांनी जुना परवाना मागितला, तो अर्जाशेजारी धरला आणि बावीसच्या आधीच्या टिंबावर बोट ठेवले. “हे नळीचं माप हाय रं, मोजदाद न्हाई. लिवलंय मात्र लय खास,” म्हणाले. आता पंधरा तारखेच्या आत नवा अर्ज द्यायचा आहे. नाहीतर रायफल सरकारजमा होईल, आणि तशा रायफली पुढे मोडीत काढतात म्हणे.

तुझा भाचा,
मल्हार

ता. क. आबांचे वारस बाबा आणि तू. सोबतच्या संमतिपत्रावर तुझी सही लागते. लहानपणी पहिल्याच नेमात तू चिंचेचा आकडा पाडला होतास, हे आबा सगळ्यांना सांगायचे. त्यामुळे रायफल तुलाच हवी असेल तर मी हट्ट करणार नाही. तेल द्यायला मात्र दर अमावास्येला सेलूला येईन.

आणखी एक. या वेळी टिंब न विसरता घातले आहे. फक्त तुझे नाव आधार कार्डावर ‘भागुबाई’ असे ऱ्हस्व छापले गेले आहे, ते मी संमतिपत्रात दीर्घ केले आहे. सहीही दीर्घच कर.