शेपटीकडून कापायची संख्या

बाई, आज वर्गात फळ्यावर तुमची संख्या लिहिली. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कुणालाच दाद न देणारी. उजवीकडचा ३ पुसला, उरली तीही मूळ. पुढचा ३ पुसला, तरी मूळच. ७३९३९१, ७३९३९, असं करत थेट सातापर्यंत. या जातीची याहून मोठी संख्या नाही. शेवटी आणखी कुठलाही अंक चिकटवा, मोडलीच. मुलं खूश झाली. मी डाव्या हातानं लिहिते ते त्यांना जन्मापासूनचं वाटतं, आणि मीही खुलासे करत बसत नाही.

तुम्ही मिरकरवाड्यात आमच्या घरी आलात तो दिवस आठवतो. बर्फ फोडायच्या मशीनमध्ये माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलेलं, जखम भरत आलेली, आणि आता शाळा नाही असं मी जाहीर करून टाकलेलं. आई विळीवर सुरमई कापतेय. "उजवाच हात गेला, बाई. आता ही काय लिवणार?" मी भिंतीकडे तोंड करून बसलेय. तुम्ही मला 'बिचारी' म्हणत नाही. पिशवीतून खडू काढता, आमच्या स्वयंपाकघराच्या काळ्या फरशीवर ती संख्या लिहिता आणि म्हणता, "एकेक अंक काप. उरते ती मूळ आहे का, भागून बघ." तेव्हा तुमचा इतका राग आला होता.

मी मासे विकणारीची लेक. कापायचं म्हटलं की आधी डोकं. डावीकडून अंक उडवत गेले, तर एकशे तेहतीसला सातानं सरळ भाग गेला. तुम्ही पुन्हा आलात तेव्हा ऐटीत सांगितलं, "बाई, तुमची संख्या खोटी." तुम्ही फरशी बघितलीत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. "अगो बाय, डोकं कशाला उडवलंस? शेपटीकडून काप."

मग सातापासून सुरुवात करून, लहान संख्येकडून मोठीकडे, फरशीभर भागाकारच भागाकार. आई म्हणायची, "तुझ्या भागाकारात मी टोपली ठेवू कुठं?" पण एकही पुसायची नाही. ७३९३९ ला मी कितीतरी दिवस भागत होते. तीही मूळ ठरली तेव्हा तुम्ही म्हणालात, "पुरे. आता तुझं अक्षर बघ." आधी आडवेतिडवे लोळणारे माझे अंक एका ओळीत उभे होते. पुढच्याच सोमवारी मी शाळेत गेले. बाई, हा डावा हात तुम्ही मला दिलात. तुम्ही होतात तोवर हे तोंडावर सांगायला जमलं नाही.

हे पाकिटात घालायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगून टाकते. आज एका मुलीनं मोबाईल काढला, "मॅडम, सगळ्या तपासून सांगू?" मी नको म्हटलं. ७३९३९ च्या पुढच्या तीन संख्या मी आजवर तपासलेल्या नाहीत. तुम्ही मूळ म्हणालात, म्हणून मी तशाच शिकवते.