कायदा कच्चा असताना

बाबा, तुम्ही मला दलाल म्हणालात त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं. तेव्हा मी ताट उचलून मोरीत नेलं. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, आणि मग उत्तर द्यायला माणूसच उरला नाही. आज देते. मधे बोलू नका. तशी तुमची सवयच होती, वाक्य अर्ध्यात तोडायची.

यवतमाळच्या घरातलं स्वयंपाकघर. तुम्ही निवृत्त होऊन वर्ष झालेलं. मी वकिलाकडची उमेदवारी सोडून शेतमजूर बायकांच्या संघटनेचं काम घेतलं होतं, आणि तुम्हाला ते सांगायला मुद्दाम आले होते. तुम्ही पाटावर बसून भाकरीचा तुकडा वरणात बुडवता आहात. "मंग करतं काय तू तिथं?" तुम्ही विचारता. मी सांगते, कायदा बनत असताना आमदारांना भेटते, मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांना भेटते, बायकांच्या बाजूनं त्यात काय यायला पाहिजे ते पटवून देते. तुम्ही तुकडा तसाच ताटात ठेवलात. "म्हंजे दलाली. कायदा करनं सरकारचं काम हाय. तू मधात कायले पडून राह्यली?" आई म्हणाली, जेवू द्या तिला. दलाल हा शब्द तुमच्या तोंडी किती घाण होता ते मला ठाऊक होतं. तहसीलसमोर कडुनिंबाखाली टेबलं टाकून बसणारे, अर्ज भरून देणारे, साहेबांना ओळखतो म्हणणारे ते सगळे. तीस वर्षं तुम्ही त्यांच्या हातचा चहा घेतला नाही. आणि त्यांच्या रांगेत तुम्ही मला बसवलंत.

तुम्हाला आठवत नसेल, पण या कामाला मला तुम्हीच लावलंत. मी बारा वर्षांची होते. तुम्ही मारेगावच्या तहसीलमध्ये अव्वल कारकून होता आणि त्या दिवशी डबा घरी विसरून गेला होतात. मी डबा घेऊन आले तेव्हा तुमच्या टेबलासमोर एक बाई उभी होती. तिशीतली असेल. तिच्या हाताला सारखा कंप होता, म्हणून तिनं एक हात दुसऱ्या हातानं धरून ठेवलेला. फवारणीचं विष बाधलेल्या मजुरांसाठी सरकारनं काहीतरी मदत काढली होती, तिचा अर्ज घेऊन आली होती. तुम्ही अर्ज दोनदा वाचलात.

"बाई, यात फवारणारा लिहिलं हाय. तू फवारत होती काय?"

"नाही साहेब. पंप गड्याच्या पाठीवर होता. मी पानी आनो, औषध कालवो, त्याले भरून देवो."

"मंग हे यात बसत नाही."

तिनं वाद घातला नाही. तुम्ही शिपायाला सांगून तिला पाणी दिलंत, बसायला खुर्ची दिलीत. तुम्ही वाईट नव्हता बाबा, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला. संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरवर बसून मी विचारलं, तिचं काहून नाही केलं? तुम्ही म्हणालात, "शब्दच नाही ना तिथं." मी म्हटलं, मग शब्द घाला. तुम्ही हसलात. "माह्या हातात नाही बाई. ज्याच्या हातात हाय तो मुंबईत बसते." तुमच्या लेखी विषय संपला. मी मात्र उरलेला रस्ताभर त्या मुंबईत बसणाऱ्या माणसाचा विचार करत होते. त्याला कुणी सांगितलं नसेल का, की औषध कुणीतरी कालवावं लागतं?

सांगायला जायचं कधी, हे मात्र मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या खेपेला मी तोंडावर आपटले. नागपूरचं हिवाळी अधिवेशन, मजुरांच्या नोंदणीचं एक विधेयक, आणि आम्ही घाटंजीहून, मारेगावहून चाळीस बायका घेऊन गेलेलो. निवेदन हातात, घोषणा पाठ. आमदारांनी निवेदन घेतलं, फोटो काढला, आत गेले. दुपारी कळलं की गोंधळात चार विधेयकं एकापाठोपाठ मंजूर झाली, त्यातच आमचंही होतं. जसंच्या तसं. मी विधानभवनाबाहेरच्या टपरीवर रडायच्या बेतात उभी होते, तेव्हा शेजारी चहा पिणारे एक उतारवयाचे कक्ष अधिकारी माझ्या हातातलं निवेदन वाचून म्हणाले, "मागणी बरोबर आहे ताई. पण तुम्ही अक्षता पडल्यावर मुलगी बघायला आलात. विधेयक सभागृहात येतं तेव्हा सगळ्यांचं सगळं ठरलेलं असतं. ते माझ्यासारख्याच्या टेबलावर कच्चं पडलेलं असतं ना, तेव्हा यायचं. तेव्हा आमच्याकडं कुत्रं फिरकत नाही."

ते वाक्य मी गाठीशी बांधलं. त्यानंतर सरकारनं कुठल्या कायद्याची घोषणा केली की बाकीचे हार घेऊन मंत्र्याकडे जातात, मी मसुदा लिहिणाऱ्या टेबलाकडे जाते. याला तुम्ही दलाली म्हणता. फवारणीच्या औषधांच्या कंपन्यांची माणसं त्याच टेबलापाशी चांगल्या बुटात बसलेली असतात, त्यांना तुम्ही काय म्हणाला असता? ते बसतात म्हणून मी बसते. मी उठून आले तर खुर्ची रिकामी राहत नाही, तिच्यावरही त्यांचाच माणूस बसतो.

दोन वर्षांपूर्वी फवारणीतल्या मजुरांच्या संरक्षणाचा कायदा करायचं ठरलं. मी पुढच्याच आठवड्यात त्या विभागात गेले. मजूर कोणाला म्हणायचं, त्या व्याख्येसाठी एक ओळ लिहून नेली होती: फवारणी करणारी, त्यासाठी पाणी आणणारी, औषध कालवणारी किंवा पंप धुणारी व्यक्ती. अधिकाऱ्यानं ती वाचली, मान डोलावली, मसुद्यात घेतली. चार महिन्यांनी विधेयक छापून आलं तेव्हा त्यात फक्त फवारणी करणारी व्यक्ती उरली होती. वाटेत कुणीतरी बाकीचं छाटलं. कोणी, ते मला आजही माहीत नाही.

आपल्याकडचे एक आमदार चिडले. ते भले माणूस आहेत, पण आवाज मोठा. विधेयक मांडतानाच उभा राहतो आणि सरकारला उघडं पाडतो, म्हणाले. मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले, की आत्ता एक शब्दही बोलू नका. सभागृहात मंत्र्याच्या तोंडून एकदा नाही गेलं की ती इज्जतीची गोष्ट होते, मग ब्रह्मदेव आला तरी ते हो होत नाही. विधेयक दोन्ही सभागृहांच्या समितीकडे जाणार होतं. तिथं बंद दाराआड एकेक कलम वाचतात, तिथं माघार घ्यायला कुणाला लाज वाटत नाही. तोवर थांबायचं. आमदार थांबले, पण संघटनेतल्या बायका माझ्यावर उखडल्या. घाटंजीची एक, वीस वर्षं दुसऱ्यांच्या वावरात राबलेली, माझ्या तोंडावर म्हणाली, "बोलाच्या वक्ताले तू चूप बसाले सांगून राह्यली. त्याइच्यातली झाली काय ताई तू?" तुमच्यानंतर मला असं बोलणारी ती पहिलीच. मी तिला म्हटलं, बोलायचं आहे, आणि तूच बोलशील. मी सांगेन त्या दिवशी.

तो दिवस सहा महिन्यांनी आला. समितीनं लोकांचं म्हणणं ऐकायला बोलावलं होतं. कंपन्यांच्या माणसानं डब्यावरच्या सूचनांवर पाऊण तास घेतला. सदस्य घड्याळाकडे बघायला लागले. मी टिपण वाचायला घेतलंच नाही. एवढंच म्हटलं, व्याख्येच्या कलमावर या बाईंना दोन मिनिटं द्या. घाटंजीची ती उठली, पदर खोचला, आणि समोरच्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलून औषध कसं कालवतात ते करून दाखवायला लागली. झाकण कसं दातानं निघतं, काडी सापडली नाही तर हातानंच कसं ढवळतात. मग म्हणाली, "साहेब, पंपवाल्याच्या आंगावर ते वाऱ्यानं येते. माह्या तं हातातच असते." समितीचे अध्यक्ष स्वतः कापसाच्या मुलखातले होते. त्यांनी अधिकाऱ्याकडे वळून विचारलं, ही बाई आपल्या कायद्यात आहे का? अधिकारी म्हणाला, नाही. अध्यक्ष म्हणाले, मग घ्या.

कायदा झाला बाबा. पाणी आणणारी, औषध कालवणारी, पंप धुणारी त्यात आहे. उद्या मारेगावच्या त्याच टेबलावर कुणी बाई अर्ज घेऊन आली तर तुमच्या जागी बसलेल्या कारकुनाला तिला परत पाठवता येणार नाही, त्याची इच्छा असो वा नसो. तुमच्या सचोटीनं जे तीस वर्षांत झालं नाही ते माझ्या दलालीनं झालं. हे उद्धटपणाचं वाटेल. वाटू द्या. आता नियम बनायचे आहेत, मी रोज त्या विभागात जाते, आणि कडुनिंबाखालच्या कोणत्याही माणसाइतकीच निर्लज्जपणे बाकावर बसून राहते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. माझ्या ओळीत अजून एक शब्द होता, वर सांगताना मी तो गाळला: मजुरीविना. म्हणजे नवऱ्याच्या, सासऱ्याच्या वावरात हेच काम करणाऱ्या बायका. समितीचा अहवाल निघायच्या आदल्या दिवशी विभागाच्या उपसचिवांनी मला जिन्यात गाठलं. कालवणाऱ्या मजूर आणि मजुरीविना राबणाऱ्या, दोन्ही जाणार नाही म्हणाले, एक धरा नाहीतर सगळंच अडकेल. मी मजूर धरले. कुणाला फोन केला नाही, एका मिनिटात सांगितलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच सांगेन. पण त्या घाटंजीच्या बाईची लेक गेल्या वर्षी तीन एकरवाल्याकडे दिली आहे, आणि हंगामात औषध तीच कालवते. आईला वाटतं, आपण समितीपुढं बोललो त्यात लेकीचंही झालं. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. मागच्या दोन्ही खेपांना घाटंजीला गेले तेव्हा बसची वेळ झाली म्हणाले आणि तिच्या घरी चहाला थांबले नाही. बसला अजून तासभर होता.