ऐकणारे : एक

२ सप्टेंबर

क्लबचा निरोप आला. माझी मराठी समालोचनाची वाहिनी बंद. सत्तावीस तारीख शेवटची. पुरुषोत्तमना, म्हणजे यांना, इतक्यात सांगायचं नाही असं ठरवलं, आणि मग सांगायला दुसरं कोणी आठवेना. म्हणून हे लिहितेय.

पूर्वी माझी वही उघडी दिसली की हे लाल पेन घेऊन यायचे. आता दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. घरात खासगी अशी एकच जागा उरली — कागद.

आमचा काउंटी क्रिकेट क्लब आपले सामने स्वतःच दाखवतो. स्वतःचे कॅमेरे, स्वतःचे समालोचक, स्वतःचं ॲप. टीव्हीवाल्यांना चार दिवसांच्या सामन्यांत रस नाही. नागपूरचा एक गोलंदाज घेतला होता, तेव्हा अनुपने इंग्रजीच्या जोडीला मराठी वाहिनी काढली. अनुप प्रक्षेपणाचा प्रमुख. इथेच ब्रिस्टलमध्ये वाढला, माझ्याकडे गणिताला होता. अजून मला मिस म्हणतो. ‘मिस, तुम्ही करा ना. तुमची आवाज लास्ट बेंचपर्यंत यायची!’ गोलंदाज नागपूरला परत गेला. सोबत बोलणारा शार्दूल नोकरीसाठी स्लाऊला गेला. मी राहिले.

४ सप्टेंबर

माझी पद्धत यांच्यामुळेच सुरू झाली. डोळे गेल्यावर हॉस्पिटलची बाई शिकवायला आली — ताटाचं घड्याळ समजा, भात सहा वाजता, भाजी तीन वाजता. हे म्हणाले, ‘जेवण काय वेळ बघून करायचं? ताट मला कळतं. मैदान कळत नाही, ते सांग.’

मग मी मैदानाचंच ताट केलं. फलंदाज पाटावर बसलाय. समोर मीठ, तिथून गोलंदाज धावत येतो. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. पाटामागे यष्टिरक्षक. डावखुरा आला की ताट उलटं वाढायचं. ‘चटणीपाशी एक, भाजीपाशी दोन, आमटी मोकळी!’ मी कॉलेजात मुलींच्या संघाची यष्टिरक्षक होते. मैदान पाठ आहे. शार्दूल आधी हसायचा, मग तोही तसंच बोलायला लागला.

११ सप्टेंबर

समोरच्या पडद्यावर कोपऱ्यात ऐकणाऱ्यांचा आकडा असतो. नागपूरकर होता तेव्हा शेकड्यांत असायचा. आजही — एक.

एक म्हणजे घरी बसलेले हे. पुरे आहे. एकासाठी नीट बोलले.

घरी आल्यावर विचारलं, ‘ऐकलंत?’

‘हो.’

‘सीमारेषेवरचा झेल?’

‘सुरेख.’

तो झेल सुटला होता! सुटलेल्या झेलाला सुरेख! खवचटपणा शाबूत आहे म्हणायचा. किती दिवसांनी बरं वाटलं.

१५ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. पुढची तारीख दिली नाही. गरज नाही म्हणाले. घरी येऊन हे खुर्चीत बसले, कानात इअरफोनची ती बटणं घातली. आज तर सामनाही नव्हता.

बोलायचं कशावर? आज काय खाल्लं, औषध घेतलं का. मी विचारते, हे ‘हं’ म्हणतात. जुलैत क्लबने ॲप बदललं तेव्हाही विचारलं होतं, ‘तुमचं चालतंय ना, की मी बघू?’ तर म्हणे, ‘मी काय कुक्कुलं बाळ आहे?’ यांनी आयुष्यभर विमानांच्या पंखांची गणितं केली. फोन दुसऱ्याच्या हातात द्यायला लाज वाटते. मीही पुन्हा विचारलं नाही. मला तरी कुठे मऊ बोलता येतं.

१९ सप्टेंबर

अनुपशी भांडले.

‘एका माणसासाठी चॅनेल कसं चालवणार, मिस?’

‘वर्गात एकच मूल आलं तरी मी तास घेतला होता.’

‘हो, पण तेव्हा सॅलरी कौन्सिल द्यायची.’

मग खाली बघत म्हणाला, ‘आणि मिस, ते जे वन आहे ना —’ मी तोडलं. कीव नको होती. दार जरा जोरात लागलं.

२४ सप्टेंबर

शेवटचा सामना सुरू. थंडी. टोप्या घातलेले चार म्हातारे आणि सीगल पक्षी. ऐकणारे : एक.

२७ सप्टेंबर

शेवटच्या तासात सामना अनिर्णित राहणार हे उघड होतं. खेळाडूंनाही घरी जायचं होतं. सगळे फलंदाजाभोवती कोंडाळं करून उभे.

मी माइकवर म्हटलं, ‘भाजीपाशी कोणी नाही. चटणीपाशी कोणी नाही. अहो, ऐकताय ना? ही वाहिनी आज बंद होतेय. मला दोन तारखेपासून माहीत आहे, तोंडाने सांगवलं नाही. इथे मला तुमच्याशी बोलता येतं. घरी येत नाही. इथलं सगळं तुम्हाला दाखवते, आणि घरात साधं खिडकीबाहेर बघून काय दिसतं ते सांगत नाही. पुढचा हिवाळा कसा काढायचा? मला भीती वाटते हो.’

मग षटक संपलं. धावसंख्या सांगितली. सवयीने.

घरी गेले. कोट न काढता यांच्यासमोर उभी राहिले.

‘आलीस? चहा टाक.’

सगळं ऐकून — चहा!

टाकला.

२९ सप्टेंबर

सामान परत करायला गेले. अनुपने दार लावून घेतलं.

‘मिस, रागवू नका. तो वन म्हणजे आमच्या ऑफिसचा रेकॉर्डर आहे. तो ऑलवेज ऑन असतो, म्हणून काउंट होतो. जुलैपासून दुसरं कोणीच नव्हतं. मी सांगायला आलो होतो…’

‘आला होतास,’ मी म्हटलं.

हेडफोन दिले. गळ्यातला पास दिला. खोलीची किल्ली दिली. त्याने सत्तावीस तारखेच्या रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह दिला. ‘मी ऐकलं नाही, मिस.’ त्याचे डोळे बघून कळलं, ऐकलंय.

घरी हे खुर्चीत झोपले होते. बटणं कानात. मांडीवर फोन. पहिल्यांदाच हात लावला. नवं ॲप उघडलं. आत जायच्या आधी एक पान येतं, तेच आलं. नऊ चित्रं. वर लिहिलेलं — तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. सायकल असलेली चित्रं निवडा.

जुलैपासून!

फोन होता तिथे ठेवला. उठवलं नाही.

३० सप्टेंबर

सकाळी पेन ड्राइव्ह यांच्या हातात दिला.

‘काय आहे?’

‘सत्तावीस तारीख. शेवटचा तास. तुम्ही ऐकलेला नाही.’

तो बोटांनी चाचपून पाहिला. मग खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला.