काचेवरचं कुंकू

प्रिय सलोनी,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. वाचून चिडशील. चीड, पण शेवटपर्यंत वाच.

आपल्या दवाखान्यात सरावाचा तो व्हीआर चष्मा आलाय. डोळ्यांवर चढवला की समोर बाळंतपणाची खोली उभी राहते, टेबलावर न रडणारं बाळ, आणि पुढचं सगळं आपण करायचं. चुकलं तर बाळ जातं, पण चष्मा काढला की कुणाच्या घरी रडारड नसते. पुन्हा घालायचा, पुन्हा करायचं. आला त्या दिवशी मोठ्या सिस्टर, म्हणजे आपल्या इंदुताईंनी, रीतसर पूजा केली. नारळ, हळदकुंकू, फोटो. आणि मग तुला माहीत आहे तेच. कपाट, कुलूप, चावी इंदुताईंच्या पर्समध्ये. "महागाची चीज हाय, खराब झाली तं कोन भरून देईन?"

काही दिवस गोड बोलून पाहिलं. मग ड्युटी संपल्यावर कपाटासमोर खुर्ची टाकून बसले आणि घरी जायचं नाव घेईना. डॉक्टरसाहेब म्हणाले, सिस्टर, तमाशा नको. मी म्हटलं, मग चावी द्या. शेवटी त्यांनी इंदुताईंकडून घेऊन दिली.

पहिल्यांदा घातला तेव्हा सगळे जमले होते. मी हवेत हात हलवतेय आणि शिपाई धनसिंग रुमालात तोंड खुपसून हसतोय. बाळ पुसलं, पाठ चोळली, रडेना. मास्क लावून श्वास द्यायची पिशवी दाबायला घेतली. तेवढ्यात बाळ गुलाबी दिसलं, मी खूश होऊन हात थांबवले आणि बाळ गेलं. चष्मा काढून बघते तर काचेला पूजेचं कुंकू! खोली हसली, मीही हसले, आणि हसता हसता रडू फुटलं. कारण तू आठवलीस.

पोळ्याच्या दिवशी तुझ्या हातात ते बाळ निळं पडलं. तू पिशवी दाबत होतीस आणि मास्कच्या कडेने हवा निसटत होती. तो नीट कसा बसवायचा हे तुझ्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. सरावाची बाहुली होती की, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून याच कपाटात! गावभर तुझ्या नावाने बोंब झाली, बाळाच्या आजीने शाप दिले, आणि तू रजा टाकून वणीला जाऊन बसलीस. चौकशीत कपाटाचं नाव कुणी काढलं नाही. परवाच्या मीटिंगमध्ये मी काढलं, सगळ्यांदेखत. तेव्हापासून इंदुताई माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. चावी आता भिंतीवरच्या खिळ्याला असते. मी रोज सराव करते आणि बाळाचा रंग बघत बसत नाही, छाती हलते का ते बघते. मास्क नीट बसला की छाती उचलली जाते, सलोनी. तुलाही जमेल, तुझे हात माझ्यापेक्षा हलके आहेत.

आता खरं कारण. मला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच म्हणून अम्मी हटून बसलीय, नवरोबा जुनेद यवतमाळच्या मोठ्या हॉस्पिटलचं नाव काढतो. दोघांना सांगून टाकलंय, काही अडचण निघाली नाही तर आपल्याच दवाखान्यात होईल, याच टेबलावर, आणि बाळाजवळ सलोनी उभी असेल. अम्मीने विचारलं, "तीच पोरगी काहून?" मी म्हटलं, तीच. तर सोमवारी इकडे नेरला येणाऱ्या गाडीत बस आणि कामावर हजर हो. माझं बाळ रडलं नाही, तर ते दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही.

तुझं 'नाही' न ऐकणारी,
तुझीच अतिया