एक त्र्यंबक म्हणजे अठरा पौंड

२ सप्टेंबर १९५७, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण भावनिक नाही, शास्त्रीय आहे. घरात शांतता आहे, तिचा उपयोग करावा.

पद्मजा कोडोलीला माहेरी आहे. ऑगस्टमध्ये तिचे वडील गेले. दहाव्याला मी जायला हवं होतं म्हणे. त्या दिवशी मॅट्रिकच्या वर्गाचा पेंडुलमचा प्रयोग होता. पेंडुलम पुढे ढकलता येत नाही असं मी पत्रात कळवलं होतं. मेहुण्याचं, माधवरावांचं उत्तर आलं, की आता तुम्ही स्वतः न्यायला या, मगच ती येईल. मी कळवलं, बायकोला भावानं आणून पोचवण्याची रीत आहे.

दोन्ही बलं समान आणि विरुद्ध. त्यामुळे पद्मजा कोडोलीत स्थिर.

मला काही वाटत नाही. जेवण खानावळीत.

५ सप्टेंबर

सरकार शेर, मण, पौंड काढून मेट्रिक मापं आणणार हे आता नक्की. वजनाचं झालं, लांबीचं झालं. बलाचं काय? इतकी वर्षं आम्ही पौंडल आणि डाइन शिकवतो. एक पौंडाच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला एक फूट-प्रतिसेकंदानं वाढवतो तो पौंडल. ग्रॅम आणि सेंटिमीटर घेतले की डाइन. पौंडल कुणाला कळत नाही, आणि डाइन इतका बारीक की मुंगीसुद्धा मोजून हसेल. स्वतंत्र देशाला स्वतःचं बल-एकक पाहिजे. माणसाच्या अंगच्या जोरावर आधारलेलं. एक माणूस एक दार ढकलतो, ते एक बल. साधं.

हे मीच करायचं. दिवाळीपर्यंत निबंध पुण्याच्या प्रोफेसरांकडे. मग कोडोलीचं बघू.

९ सप्टेंबर

शाळेतून स्प्रिंगचा काटा आणला. पन्नास पौंडांपर्यंत मोजतो. एक टोक पुढल्या दाराच्या कडीला, दुसरं चौकटीच्या खिळ्याला. बाहेरून दार ढकललं की काटा ताणतो. खाचेत कागदाची चिठ्ठी अडकवली आहे, ती जिथवर सरकते तिथंच राहते. सगळा जोर लावला तरी दार चार बोटांच्या वर उघडत नाही. मी मागल्या दारानं ये-जा करतो.

दोरीवर पद्मजाचं लुगडं आहे. जाण्याच्या दिवशी धुतलेलं. वाळलं आहे.

१० सप्टेंबर

प्रमाण ठरवलं. बाहेर जाऊन मी स्वतः दार दहा वेळा ढकललं. सरासरी अकरा पौंड. मग अकराव्यांदा मन एकाग्र करून ढकललं. अठरा. तेच घेतलं, कारण प्रमाण हे उत्तम स्थितीतलं असावं.

१८ पौंड म्हणजे सुमारे ५८० पौंडल, म्हणजे ऐंशी लाख डाइन. एका मास्तरच्या ढकलण्याला ऐंशी लाख म्हणणं शोभत नाही. नाव: एक त्र्यंबक. शोधकाचं नाव एककाला देण्याची पद्धतच आहे, मी काही हट्ट धरलेला नाही.

एक अडचण. पद्मजा माझं नाव घेत नाही, तेव्हा तिला हे एकक उच्चारता येणार नाही. तिला बलाची गरज पडण्याचा संभव कमी.

१४ सप्टेंबर

पहिल्या नोंदी. शेजारच्या विठाबाई दूध द्यायला आल्या: २२ पौंड. दूध सांडलं. त्या म्हणाल्या, मास्तर, दार का बांधलंय, आत म्हस हाय का काय? मी सांगितलं, प्रयोग आहे. त्या म्हणाल्या, परयोग ऱ्हाऊ दे, बाईंना आणा जावा.

दुपारी त्यांचे यजमान हंबीरराव. काटा पन्नासच्या खाली जाऊन आदळला. नोंद अशक्य. खिळा वाकला. ते म्हणाले, पावणं आलं तर परत जातील की हो मास्तर. मी म्हटलं, येतंय कोण?

पोस्टमन: १३. मला पत्र नव्हतं. पत्ता चुकून शेजारचं दार ढकलण्याऐवजी माझं ढकललं.

२१ सप्टेंबर

निबंधाची सहा पानं. उत्तम.

खानावळीतला रस्सा तिखट. त्याखेरीज काही नोंदवण्यासारखं नाही. रविवारी कोडोलीला जावं असा विचार आला होता. तासाभराची एस्टी. पण आता गेलो तर माझं बल कमी ठरेल, आणि नोंदींतही खंड पडेल.

२८ सप्टेंबर

हेडमास्तरांनी काटा परत मागितला. मी म्हटलं, दसऱ्यानंतर. दसऱ्याला सोनं द्यायला अख्खी गल्ली दारोदार फिरते. एका संध्याकाळी तीसेक माणसं दार ढकलतील. शास्त्राला इतकं फुकट साहित्य मिळत नाही.

३ ऑक्टोबर, दसरा, रात्री आठ

अपूर्व दिवस. चार वाजल्यापासून दाराआड स्टुलावर बसलो. दार उघडायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही, नाही तर लोक जोर कमी करतात. लोक ढकलत, थांबत, मास्तर न्हाईत वाटतं म्हणत, फटीतून आपट्याची पानं आत टाकून जात. एकूण २७ नोंदी. सर्वांत जास्त हंबीरराव (पुन्हा अशक्य). सरासरी १७.४. जवळजवळ एक त्र्यंबक!  

एकच नोंद विचित्र. शेवटची, सत्ताविसावी: ५ पौंड. पाच पौंडांत कुणी दार ढकलत नाही. मांजर असावं. ती नोंद गाळली, म्हणून सरासरी सुधारली. साधारण त्याच वेळी कुणा बाईनं दोनतीनदा 'अहो' अशी हाक मारली. गल्लीत सगळ्याच बायका नवऱ्याला अहो म्हणतात. आवाज हे बल नव्हे. नोंद केली नाही.

४ ऑक्टोबर

सकाळी विठाबाई दूध घेऊन मागल्या दारी आल्या. दूध ठेवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काल बाई आल्त्या की, एस्टी सुटता सुटता भेटल्या, त्येंनीच सांगितलं. तिच्या आईनं म्हटलं, सणाला आपल्या घरी असावं. माधवराव आणि ती, सोबत ट्रंक. माधवराव कोपऱ्यावरच थांबले, ती एकटी पुढे आली. हळूच दार ढकललं. दार आतून बांधलेलं दिसलं. फटीतून तिला माझे पाय दिसले. स्टुलावरचे. अहो म्हणाली, पुन्हा म्हणाली. मग पायरीवर बसली. मग शेवटच्या एस्टीनं दोघं परत गेली. विठाबाई म्हणाल्या, आम्ही सोनं वाटत खालच्या आळीला गेलतो, न्हाईतर लाथ घालून दार उघडलं असतं.

मी म्हटलं, बरं.

शाळेत गेलो. चार तास शिकवले. घर्षण.

६ ऑक्टोबर

सत्ताविसावी नोंद पुन्हा धरली. सरासरी १६.९.

१६ ऑक्टोबर

पुण्याहून पोस्टकार्ड. प्रोफेसर लिहितात, प्रयत्न स्तुत्य आहे, परंतु किलोग्रॅम-मीटर पद्धतीतल्या बलाच्या एककाला १९४८ सालीच आंतरराष्ट्रीय परिषदेनं न्यूटन हे नाव दिलेलं आहे, कृपया नवी पुस्तकं पाहावीत. म्हणजे मी फक्त नऊ वर्षं उशिरा. आपल्याकडे पुस्तकं उशिरा येतात.

एक त्र्यंबक म्हणजे ऐंशी न्यूटन. पाच पौंड म्हणजे बावीस.

काटा सोडवला, हेडमास्तरांना दिला. दार आता वाऱ्यानंसुद्धा उघडतं. उघडलं की मी बघतो.

१९ ऑक्टोबर

ठरवलं. उद्या कोडोली. मान-अपमान बाजूला. तिचं लुगडं दोरीवरून काढून घडी घातली. घडी नीट झाली नाही. बरोबर नेणार.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या एस्टीनं गेलो. माधवरावांचं दार लोटलेलं दिसलं. हंबीररावांसारखं ढकलावं असं वाटेत ठरवलं होतं. ढकललं. आतून कडी होती, दार थोडंसं हललं आणि थांबलं. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज येत होता, बायका बोलत होत्या.

हाक मारायची होती. तेरा वर्षांत मी तिला नावानं हाक मारलेली नाही. 'अगं' म्हणालो. पुन्हा म्हणालो. आतलं बोलणं थांबलं. मग स्टोव्हचा आवाज मोठा झाला. त्या घरात अगं म्हणण्याजोग्या बऱ्याच बायका आहेत.

लुगडं पायरीवर ठेवलं. मीही बसलो, शेवटच्या एस्टीपर्यंत.

काटा जवळ नव्हता. माझं ढकलणं अंदाजे पाच पौंड.