अंगणात आखलेली होडी

॥ श्री ॥
मेडशी
दत्तजयंती, गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

चि. आदर्श,

तुला, निताला, कस्तुरीला अन् मुन्नाला देवापुढे बसून आशीर्वाद देते आहे. आरती झाली, सुंठवडा वाटून झाला, घरात जरा शांत आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तुझा चेहरा दिसला की मला जेवलास का एवढंच विचारता येतं. होडीचं बोलणं तेवढ्यात मावणारं नाही. शेजारच्या लखीराम मिस्त्रीची नीलिमा या पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. पोस्टाने टाकलं तर न्यूझीलंडला पोचेपर्यंत तुझा रविवार निघून जाईल, अन् रविवारी तुला होडीवाल्याला शब्द द्यायचा आहे.

इकडे सगळं ठीक. तूर शेंगांवर आली. हरभऱ्याला एक पाणी झालं. हे बरे आहेत.

आता होडी.

तू दोन होड्यांचे फोटो पाठवलेस. मोठी सव्वीस फुटांची, आत खोली, शेगडी, झोपायच्या गाद्या. जुनी आहे म्हणून स्वस्तात मिळते. लहान चौदा फुटांची, उघडी, गाडीमागे लावून घरी आणता येते. तुला मोठी पाहिजे अन् निताला लहान. निता माझ्याजवळ काही बोलली नाही असं लिहिणार होते, पण दत्ताच्या दिवशी खोटं नको. तिचा फोन आला होता. म्हणाली, आई, तुम्हीच सांगा, तुमच्या शब्दापुढे ते जात नाहीत. मी म्हटलं, बाई, मी समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर.

पण नुसता फोटो पाहून मी कधी पातेलं घेतलं नाही, तर होडी कशी घेऊ देईन? घर बांधताना आपल्याकडे आधी जमिनीवर फक्की टाकतात. चुन्याच्या रेघा पडल्या की बाया त्यात उभ्या राहून बघतात, इथे पलंग बसेल का, इथे दोघी वाकल्या तर डोकी आपटतील का. तसंच करायचं ठरवलं अन् परवा लखीरामला हाक मारली.

तो फक्कीचं घमेलं घेऊन आला. "वयनी, नवी खोली काढता काय?"

"होडी काढाची हाय. दोन."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे. "काहून? धरन फुटून राह्यलं का कुठचं?"

मी त्याला तुझे फोटो दाखवले तेव्हा तो गंभीर झाला. तू दिलेली मापं त्याने टेपने धरली. मोठी होडी तुळशीपासून थेट गोठ्याच्या भिंतीला भिडली. लहान तिच्या शेजारी अशी दिसत होती जशी गाईशेजारी वासरी. गल्लीतली पोट्टी न बोलावता जमली. त्यांना आधी मोठीत बसवलं. नीलिमाला म्हटलं, तू आदर्श, तुझे दोन्ही हात शिडाच्या दोरीत अडकलेले. निता पुढे बसली. आता मुन्ना खोलीत उतरला, तो काय करतो सांग. ती म्हणाली, काकू, तो तर दिसतच नाही.

मग लहानीत बसवलं. भांडण झालं, एकाने दुसऱ्याला ढकललं, एक मुद्दाम रेघेबाहेर जाऊन लोळला अन् म्हणे मी बुडलो. पण कोणतंही पोर उठलं की नीलिमाचा हात त्याच्या सदऱ्याला पोचत होता. मला त्यात सगळं कळलं.

आणखी एक. मोठी होडी पाण्यातच बांधून ठेवावी लागते अन् त्या जागेचं भाडं दर महिन्याला, असं तूच लिहिलंस. खुंट्यावरचा बैल नांगर ओढो न ओढो, वैरण खातोच. तुम्हा दोघांच्या नोकऱ्या, पोरांची शाळा, महिन्यातून कितीदा जाल? लहान होडी दारात उभी राहील, अन् दारात दिसेल तर तिच्यात बसायची आठवण होईल. तिचं शीड कस्तुरीच्या हाताने ओढलं जाईल. मोठीत ती पाहुणी होऊन बसेल. पोरांनी शिकावं म्हणून घेतोस ना?

लहान होडी उलटते याची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण उलटली तर सरळ करता येते असं तू म्हणतोस. तर पहिल्याच दिवशी कमरेएवढ्या पाण्यात चौघांनी ती मुद्दाम उलटवा अन् सरळ करा. लेकरांची भीती तिथेच जाऊ दे. तरंगायची जाकिटं सगळ्यांच्या अंगात पाहिजेत, तुझ्याही. तू पोहतोस हे मला माहीत आहे.

हे सगळं तुला कळत नाही असं नाही. तुझा मोठीचा हट्ट कशासाठी आहे ते मला ठाऊक आहे. फोटोत आतल्या एका गादीवर तू लाल खूण करून "आई-बाबा" लिहिलंस. ते वाचून मी फोन उलटा ठेवला अन् उगीच तांदूळ निवडत बसले.

आपल्या घरी नवं वाहन आलं की आधी थोरला बसतो. बैलबंडीत तुझे आजोबा बसले, मोटारसायकलवर अन् ट्रॅक्टरवर हे. तू म्हणालास, बाबा इथे येऊन बसल्याशिवाय होडी पाण्यात टाकणार नाही, मार्चची तिकिटं काढतो.

आदर्श, तिकिटं काढू नको.

वर मी लिहिलं की हे बरे आहेत. ते खोडत नाही, कारण पोळ्याच्या मानाने पुष्कळ बरे आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांना पाणी दाखवायला गेले अन् गोठ्याच्या दारातच खाली बसले. उजवा हात अन् पाय गेला. लखीरामने गाडी आणली, अकोल्याला नेलं. गजानन महाराजांच्या कृपेने जीव राहिला. आता एका बाजूने कुणी धरलं तर काठी टेकत ओट्यापर्यंत येतात. जीभ जड झाली आहे, पण बोलतात. व्यायाम शिकवणारी बाई जवळच्या मालेगावहून येते, तिच्यावर चिडतात अन् मग ती सांगेल ते करतात.

दर रविवारी फोन धरताना मी त्यांच्या डाव्या बाजूला बसते. तू विचारलंस, बाबा कमी बोलतात, माझ्यावर रागावले का. रागावले नाहीत रे.

दवाखान्यातच त्यांनी मला बजावलं होतं, पोराले सांगू नको, तो नवी नोकरी सोडून येईल अन् माह्या खाटेपाशी बसून राहील. मी ऐकलं. दर रविवारी वाटायचं, पुढच्या वेळी सांगू. तुझी ती गादीवरची खूण पाहिली अन् मग मला राहवेना.

परवा अंगणात हा होडीचा खेळ चालला होता तेव्हा हे ओट्यावर खुर्चीत बसून बघत होते. मग म्हणाले, "आदर्शची मा, माही जागा कोनती?"

मी मोठ्या होडीतली गादीची जागा दाखवली. लखीरामने तिथे खोलीच्या पायऱ्याही आखल्या होत्या, तुझ्या फोटोत होत्या तशा. यांनी त्या पायऱ्या पाहिल्या, मग आपल्या पायाकडे पाहिलं.

"मले नाई उतरता येनार तिथं. लहानीत बसव."

लखीरामने अन् मी खुर्ची यांच्यासकट उचलली अन् लहान होडीत मागच्या अंगाला, जिथून होडी वळवतात तिथे ठेवली. यांनी डाव्या हाताने काठी मागे टेकवली अन् समोरच्या पोट्ट्यांना दरडावलं, मुकाट बसा रे, हवा सुटली. पोट्टी खरंच बसली, काठ धरून. लखीराम तोंड फिरवून घमेलं झाडत राहिला. मी पुढच्या टोकाशी हळद-कुंकू वाहिलं अन् नारळ फोडला. तेव्हा रीत झाली रे. थोरला आधी बसला. तुझी होडी आता कुणासाठी अडलेली नाही.

संध्याकाळी मी यांना विचारलं, आता तरी सांगू का त्याला? यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"सांग. अन् त्याले म्हनाव, माह्यासाठी मोठी घेऊ नको. रिकामी जागा लेकराइले रोज दिसन."

तू आता विमानं शोधायला लागशील, मला माहीत आहे. ये असं लिहायला यांनी मनाई केली आहे. येऊ नको असं मी लिहिणार नाही. आलास तर धावत, घाबरून येऊ नको. जीवाला आता धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. चौघांना सुट्टी मिळेल तेव्हा चौघे या. लेकरांनी होडी कशी वळवली ते यांना तोंडाने सांगू दे. यांना ऐकायला पुष्कळ वेळ आहे.

निताला म्हणावं, तिचं बरोबर होतं, पण जिंकल्यासारखं करू नको म्हणून सासूने सांगितलं आहे.

रविवारी मी फोन समोरून धरीन. यांचं तोंड डावीकडे थोडं ओढलेलं दिसेल अन् हात मांडीवर पडलेला असेल. कस्तुरीला अन् मुन्नाला आधी समजावून ठेव. दचकली तर यांना लागेल. तूही आधी एकटा बसून रडून घे, अन् मग फोन लाव.

तुझी आई
रुपाबाई

अन् डाव्या हाताने, बाबा