बापाने बसवलेला फ्यूज

मखमलाबाद, नाशिक
८ जून २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पुंजाराममामांच्या भाजीच्या टेम्पोतून हे पत्र. येत्या शनिवारी मी एकटी मोटारसायकलवर हिमाचलात स्पितीला निघते. पुढे धुक्यासाठी दोन जादा दिवे मीच बसवले. त्यांचा फ्यूज तीनदा उडाला. गाडीपायी महिनाभर अबोला धरलेले पप्पा काल आपणहून पक्कड घेऊन आले. दहा मिनिटांत दुरुस्त! त्यानंतर एकदाही उडाला नाही. फार बरं वाटलं गं.
तू नाही म्हणालीस तरी तुझी लाडकी,
तेजल

दिंडोरी
९ जून

चि. तेजल हिस आशीर्वाद.
मनोजने दुरुस्त केलं हे वाचलं आणि भाकरी तशीच ठेवली. गाडी चालू करू नको. आपण पंपाचा मेन पाडतो तसं गाडीचं जे काय असेल ते आधी सोड, मग फ्यूजची डबी उघड. आत फ्यूज नसेल, तांब्याची तार असेल. विहिरीवरच्या मोटरीचा फ्यूज सारखा उडायचा तेव्हा तुझ्या बापाने हेच केलं. फ्यूज उडायचा थांबला. मोटर जळाली, वरचं छप्पर जळालं. हा म्हणे, दुकानदाराने मोटरच खराब दिली.
फ्यूज उडतो म्हणजे त्याचं काम करतो. वायर कुठंतरी सोलली हाय. हँडल दोन्ही अंगांनी पार वळवून त्याच्या खाली, गाडीच्या मानेपाशी बघ. जिथं हलतं तिथंच घासतं. मी चौथी शिकले, पण जळकी मोटर मीच भंगारात घातली.
लोभ हाय. लिहायला कागद नाय उरला.
भागीबाई

मखमलाबाद
११ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. तारच निघाली, सात पदरी. बॅटरीची काळी वायर आधी सोडली होती. हँडल उजवीकडे वळवलं की दिव्यांची वायर मानेत चेपायची. सोलून लोखंडाला टेकत होती. नवी घातली, वर नळी चढवली, वळायला ढील ठेवली, बॅटरीजवळ दहा अँपियरचा फ्यूज लावला. दिवे लावून पन्नास वेळा हँडल फिरवलं, फ्यूज शाबूत.
पण ती तार पप्पांपुढे धरून मी रागात विचारलं, मला जाळायचं होतं का. ते पक्कड उचलून बाहेर निघून गेले. आता शनिवारी पहाटेच भाजी घेऊन मार्केटला जाणार म्हणे. मला निघताना बघायचंच नाही त्यांना. आजी, मी जाऊ का?
तुझीच,
तेजल

दिंडोरी
१२ जून

चि. मनोज यास आशीर्वाद, या खेपेला थोडे.
पोरीला जा म्हणून कळवलंय. तुझं मत मागितलेलं नाय.
पोर परमुलखात अंधारात अडकू नये म्हणून तू तार घातलीस, एवढं मला कळतं. तिला कळत नाय, कारण तुझ्या तोंडाला कुलूप. तुझा बापही असाच मुका होता, पण त्याच्या हातात आम्ही पक्कड देत नव्हतो.
शनिवारी भाजी पुंजाराम नेईल, त्याला मी बजावलंय. तू फाटकाशी उभा राहा. बोलायला सुचलं नाय तर चाकातली हवा बघ. वायरीला हात लावू नको.
लोभ हायच, भरवसा वायरी सोडून.
तुझी आई